कोरडी वाटी

समजा, तुमच्यासमोर बाकाला शिकंजा आवळून होडीचं एक छोटं टू-स्ट्रोक इंजिन लावलंय. दोरी ओढा. फट्ट. पुन्हा ओढा. तेच. तर सुरुवात प्लगपासून करा. तो ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. आता एवढंच धरून चाला, की या इंजिनाचा मालक तुमचा मित्र होता, आणि त्याला बुडून तीन दिवस झालेत.

मिस्त्रीने प्लग काढला. कोरडा.

"भाऊजी, मला काही समजत नाही यातलं," दाराशी उभी राहिलेली होडीवाल्याची बायको म्हणाली. "इंजिन बंद का पडलं, तेवढं सांगा."

त्या सकाळी होडीवाला दुधाचे कॅन तळ्यापलीकडे पोचवून परत येत होता. धुकं इतकं दाट होतं, की हात पुढे केला तर बोटं दिसेनात. दुपारी होडी तळ्याच्या मध्यावर रिकामी सापडली. तो सापडला दुसऱ्या दिवशी, जाड कोट आणि गमबुटांसकट.

मिस्त्रीने प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून दोरी ओढली. निळी, खणखणीत ठिणगी. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून पुन्हा ओढली, तर आतल्या दाबाने अंगठा उडाला. राहिला कार्बोरेटर. नेमका तिथेच त्याचा हात थांबला. पेट्रोल आत सोडणारी कार्बोरेटरची सुई त्यानेच गेल्या आठवड्यात बदलली होती. ती अडकली असेल, तर इंजिन भर पाण्यात उपाशी मेलं असणार, आणि त्याच्यामागोमाग माणूस.

"उघड की," होडीवाल्याचा धाकटा भाऊ मागून म्हणाला. "का थांबलास?"

मिस्त्रीने कार्बोरेटरच्या तळाची, पेट्रोल साठवणारी वाटी सोडवली. आत थेंबसुद्धा नव्हता.

धाकटा वाकून बघत होता. "तुझीच सुई ना ही?"

"माझीच."

त्याने सुई काढून उजेडात धरली. स्वच्छ होती. पुन्हा बसवून पाहिली, सहज खाली-वर होत होती. नळीत फुंकर मारली, वारा सरळ पार गेला. मग तो नळी चाचपत टाकीपर्यंत गेला. टाकी अर्धी भरलेली होती आणि तिच्यातून पेट्रोल सोडणारा कॉक बंद होता. एरवी शिकाऊ पोरगंही सगळ्यात आधी कॉक बघतं. याला मात्र स्वतःच्या सुईपलीकडे काही दिसलंच नव्हतं.

"तू बंद केलास?" त्याने धाकट्याला विचारलं.

"मी कशाला हात लावू? होतं तसं आणलंय."

नंतर कुणी बंद केला असता, तर वाटीत पेट्रोल राहिलं असतं. कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवलं, तरच वाटी अशी कोरडी होते. आत तेल साचून चिकटू नये म्हणून ही सवय मिस्त्रीनेच होडीवाल्याला लावली होती. त्याने तिचा खेळ करून टाकला. काठ दिसला की तो कॉक बंद करायचा. वाटीतलं शेवटचं पेट्रोल संपायला आणि होडी काठाला लागायला एकच गाठ पडायची. मग होडी बांधायची दोरी घेऊन तो काठावर टुणकन उडी मारायचा. "अर्ध्या कपात घरी येतो मी," असं तो मिस्त्रीला चिडवायचा, "तुझा तेवढ्यात चहा तरी होतो का?"

"होडीची दोरी कुठं होती?" मिस्त्रीने विचारलं.

"पाण्यात लोंबत होती," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

मिस्त्रीने वहिनींना सगळं सांगितलं. सुईचं आधी सांगितलं. त्यांनी कोरड्या वाटीतून बोट फिरवलं. "म्हणजे आपण घरी पोचलो, असं वाटलं त्यांना," त्या म्हणाल्या.

त्याने वाटी आणि प्लग परत बसवले, कॉक उघडला, वाटी भरू दिली आणि दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. ते थांबवायला मात्र तिघांपैकी कुणाचाच हात पुढे होईना.

सुईचा दोष नव्हता, एवढं मिस्त्रीला कळलं. पण आजही धुकं उतरलं की तो काठावर जाऊन उभा राहतो आणि तळ्याच्या मध्यावर बघत राहतो. तिथे ना झाड, ना खडक. मग डोळे मिटूनही काठ ओळखणाऱ्या त्या माणसाला तिथे काय दिसलं असेल?