भोंग्याआधी की भोंग्यानंतर

माझी भाची नक्की केव्हा जन्मली, हे तिच्या जन्माच्या वेळी घरात असलेल्या कुणालाही माहीत नाही. मला तर मुळीच नाही, कारण वेळ टिपण्याचं काम माझ्याकडे होतं.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणाला टेंभुर्णीहून आमच्याकडे भवानी पेठेत आली होती. सकाळी कळा सुरू झाल्या तशी अव्वानं, म्हणजे आईनं, सुईण बोलावली आणि अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मठातले स्वामी. (अप्पांचं धोतरांचं दुकान होतं. नवा तागा फोडायचा तरी ते स्वामींना विचारत. गिऱ्हाईक मात्र न विचारताच निघून जाई.)

स्वामींनी पंचांग उघडलं, बोटांची पेरं मोजली आणि म्हणाले, "आज मूळ नक्षत्र हाय. गिरणीच्या दुपारच्या भोंग्याच्या सुमारास संपतंय. भोंग्याआधी जन्म झाला तर पोर मुळावर. शांती होईस्तोवर बापानं तोंड बघायचं न्हाय."

अव्वा मटकन खाली बसली. अक्काच्या सासूबाई या बाबतीत फार कडक होत्या. मूळ हा शब्द कानावर गेला असता तर त्यांनी दाजींना, म्हणजे अक्काच्या नवऱ्याला, टेंभुर्णीची वेस ओलांडू दिली नसती. आणि पोर बापाच्या मुळावर आली असं एकदा बोललं गेलं की ते लग्नापर्यंत तिच्या पाठी लागतं.

"वेळ कितपत बरोबर लागते?" मी विचारलं.

"पळाचा फरक पडला तर राजाचा रंक होतो," स्वामी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुकताच शाळेत मास्तर झालो होतो आणि घरातलं एकमेव घड्याळ माझ्या खिशात होतं. गिरणीचा भोंगा कधी दमानं वाजे, कधी घाईनं. त्याच्यावर राजा-रंक सोपवणं मला पटेना. शेवटी ठरलं असं, की बाळ जन्मताच अव्वानं आतून थाळी वाजवायची आणि मी ओसरीवर घड्याळात बघायचं. एवढं सोपं काम मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

ऊन चांगलं तापल्यावर आत थाळी खणखणली. मी घड्याळ बघितलं आणि ओरडलो, "झालं!" अप्पा साखरेची वाटी घेऊन तडक शेजारी गेले. तेवढ्यात अव्वा दारात आली.

"काय झालं?"

"अगं, तू थाळी वाजवलीस ना?"

"मांजर दुधात तोंड घालत हुतं. त्याला फेकून मारली."

अप्पा शेजारच्यांच्या तोंडात साखर घालून परत आले आणि झालेली हकिगत ऐकून पुन्हा बाहेर गेले. साखर परत मागायला नव्हे, आशीर्वाद परत करायला. आल्यावर मात्र त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडालेला दिसला.

"ते घड्याळ तरी बरोबर हाय का?"

"बरोबर आहे."

"कशावरनं?"

मी मुलांना गणित शिकवत होतो. ताळा केल्याशिवाय उत्तर खरं धरायचं नाही, हे मीच सांगत असे. पेठेच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या चाचांचं दुकान होतं. पटकन वेळ जुळवून येतो, म्हणून मी पळत गेलो.

चाचांनी घड्याळ कानाला लावलं. "मास्टर, ये तो कबका सो गया."

सकाळी धांदलीत मी किल्लीच दिली नव्हती. मी कपाळाला हात लावला. "बरं, आत्ता खरे किती वाजले?"

चाचांनी भिंतीकडे हात केला. भिंतीवर सगळी घड्याळंच घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ होती. "कौनसा टैम होना तुमना?"

मी तिथे त्यातल्या त्यात इमानदार घड्याळ शोधत असतानाच गिरणीचा भोंगा झाला. तो आत्ता वाजतोय की मघापासून वाजतोय, हेही मला घड्याळांच्या टिकटिकीत कळलं नाही. घरी पोहोचलो तेव्हा आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"मुलगी झाली," अप्पा म्हणाले. "तू कुटं हुतास?"

"वेळ बघायला गेलो होतो."

अप्पांनी साखरेची वाटी उचलली आणि ते पुन्हा शेजारी गेले.

मग मी चौकशी सुरू केली. सुईण नरसव्वा म्हणाली, "पोर हातात आली, मग भोंगा वाजला की."

"काय तरीच," अव्वा म्हणाली. "भोंगा होऊन गेला हुता. तो ऐकूनच मी पाणी चुलीवर चढवलं."

"मग थाळी का नाही वाजवलीस?"

"थाळी कुटली? मांजराला मारलेली चुलीमागं पडलीय."

शेवटी मी दाराआडून अक्कालाच विचारलं. ती थकल्या आवाजात म्हणाली, "मला न्हाय ऐकू आला भोंगा. त्या वेळी घरात माझाच वाजत हुता."

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं दाजी आणि सासूबाई आले. स्वामी आत अप्पांशी बोलत होते, आणि निकाल लागेपर्यंत दाजींना ओसरीवर बोलण्यात गुंतवायचं काम माझ्याकडे होतं. (दुसरा माणूस मोकळा नव्हता.)

"दाजी, मोटारीला गर्दी होती का?" मी विचारलं.

"पोरगी कुठंय?" दाजींनी विचारलं.

मी दार दाखवलं. मास्तर माणूस, प्रश्न आला की उत्तर जातं. दाजी आत शिरले, वाकले आणि लेकीचं तोंड बघून बावळटासारखे हसत उभे राहिले. अव्वाचा चेहरा पांढरा पडला. दारात सासूबाई.

"नक्षत्र कुठलं?" त्यांनी विचारलं.

स्वामींनी एकदा बाळाकडे पाहिलं, एकदा दाजींकडे. "बापानं तोंड बघितलं," ते सावकाश म्हणाले, "आणि बाप धडधाकट उभा हाय. म्हणजे जन्म भोंग्यानंतरचाच. मूळ न्हाय."

अक्कानं डोळे मिटून घेतले. तिच्या गालावरून पाणी ओघळलं. नंतर ती म्हणाली की ते घामाचं होतं.

सासूबाई मात्र सहजासहजी सोडणाऱ्या नव्हत्या. "आन् आदीचा असंल तर? दोन्ही वेळांच्या पत्रिका मांडून वाचा."

स्वामींनी दोन्ही वाचल्या. पहिलीप्रमाणे मुलगी विदुषी, मुलखात नाव काढणारी. दुसरीप्रमाणे शांत, मितभाषी, गोड गळ्याची. भाची आता मोठी झाली आहे. मुलखात नाव नाही, पण तिचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे जातो, आणि मितभाषी म्हणजे काय हे तिला सांगायला अजून कुणाला मधे जागा मिळालेली नाही.

"मामाचं काय?" सासूबाईंनी शेवटी विचारलं. "सहावं स्थान मामाचं म्हणत्यात."

स्वामींनी एक पत्रिका बघितली, मग दुसरी. पुन्हा पहिली. मग चष्मा काढला आणि अप्पांकडे बघत म्हणाले, "दोन्हीकडं एकच हाय. मामा असून नसल्यासारखा."

तेव्हापासून ज्योतिष थोतांड आहे असं कुणी म्हणू लागलं की मी गप्प बसतो.