मागे मागे फिरणारा उंचवटा

सपाटकाकांना सगळे सपाटकाका म्हणत, कारण जन्मभर त्यांनी एकच काम केलं: दगडी सरफेस प्लेटी सपाट करून दिल्या. कारखान्यात कुठलाही भाग मापायचा तो या जाड काळ्या फरशीवर ठेवून. फरशीच वाकडी निघाली तर वरची सगळी मापं खोटी. काका ती पावडर टाकून घासत आणि मधूनमधून बोटं फिरवून बघत. केसाच्या शंभराव्या भागाइतका उंचवटासुद्धा त्यांच्या बोटाला लागतो, असं लोक सांगत. लोकांचं काय जातंय सांगायला! पण बोटं तयार होती, हे मात्र खरं.

मग आजारपण आलं आणि जाताना बोटांची जाणीव घेऊन गेलं. हातात कप आहे की नाही, हेही काकांना बघून ठरवावं लागे. "मेले माझे हात," ते म्हणत. मेव्हण्याने दुकान विकण्यासाठी गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. माणूस भला, पण घोड्यावर बसून आलेला. काकांनी त्याच्याकडे थोडी मुदत मागून घेतली. बोटांना जे कळत नाही ते कळणारं यंत्र आपणच करायचं, असं त्यांनी ठरवलं. ते जमलं तर दुकान राहणार, नाहीतर कुलूप.

यंत्र कसलं, भंगारातून जमवलेला संसार! एक जाड लोखंडी पट्टी, खाली पाय म्हणून बेअरिंगच्या गोळ्या. त्यातला टोकाचा एक पाय पातळ, लवणाऱ्या पत्र्याला लोंबता ठेवलेला, म्हणजे वरखाली होणारा, आणि त्याच्या डोक्यावर काट्याची डायल. पट्टी प्लेटवरून सरकवायची. लोंबता पाय उंचवट्यावर चढला की काटाही चढणार, खळग्यात उतरला की उतरणार.

जुन्या ओळखीच्या एका कारखान्याने भरवशाने एक प्लेट पाठवली होती. काका पट्टी सरकवत आणि काकू शिवणकाम बाजूला ठेवून चष्म्यातून काटा वाचत. डावीकडून सगळं छान चाले, उजव्या टोकाला काटा चढे. काकांनी तिथे घासलं. पुन्हा पाहिलं, तरी उंचवटा आहेच. पुन्हा घासलं.

"भाऊजी," मेव्हणा म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं. तुम्ही तर अंगणच घासायला घेतलंत!"

काकांना हसू आलं नाही. त्यांना फार भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी पाठ भरून आली म्हणून त्यांनी उजवीकडून सुरुवात केली. आता उंचवटा डावीकडे!

"अहो, हा तुमच्या मागे मागे फिरतोय," काकू म्हणाल्या. "तुम्ही शेवटी जिथे पोचता, तिथे हा हजर."

"दगड कधी फिरतो का?"

"मग पट्टीवरचा हात जरा सोडा बघू."

पट्टी थोडा वेळ तशीच राहू दिली आणि मग काकूंनी ती आपल्या लाकडी फूटपट्टीने ढकलली. उंचवटा कुठेच नव्हता. उजवीकडे काटा उलट थोडा उतरला; तो खळगा काकांनीच घासून पाडला होता.

"आता ठेवा हात."

काकांनी पंजा ठेवला. काटा हळूहळू चढू लागला. हात काढल्यावर सावकाश खाली आला. पंजाच्या उबेने पट्टी वरून तापत होती आणि कणभर वाकत होती; म्हणून शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत काटा चढलेला असे. लोखंडाला हात लावून मापू नका, म्हणून काकांनी कितीतरी फिटरांना झापलं होतं. पण आपल्या हातांत ऊब आहे, हेच ते विसरून गेले होते.

"मेलेल्या हातांनी लोखंड वाकतं होय?" काकू म्हणाल्या.

काका ढसाढसा रडले. काकूंनी रडू दिलं.

मग पट्टीवर लाकडी मूठ बसली. खळगा नाहीसा होईपर्यंत बाकीची प्लेट घासून खाली आणायला काकांना आठवडा लागला. शेवटी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि काटा जागचा हलला नाही.

त्याच दुपारी मेव्हणा गिऱ्हाइकाला घेऊन दारात आला.

"तू आधी इकडे ये," म्हणत काकांनी मूठ सोडून उघड्या लोखंडावर पंजा टेकला. "काटा बघ. चढतोय ना? मी चढवतोय तो."

मेव्हण्याने काट्याकडे पाहिलं, भाऊजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि दाराकडे वळून म्हणाला, "माफ करा हं साहेब, दुकान चालू आहे."