आई निरक्षर, घरी जमणार नाही

मोठ्या डॉक्टरांनी माझ्या मुलीचा फ्रॉक वर केला. तिला विचारलं नाही, मला विचारलं नाही. मागे सात-आठ शिकाऊ डॉक्टर. सगळ्यांनी वाकून पाहिलं. पोटावरचा लांब व्रण, छातीतून निघालेली पांढरी नळी. पाच वर्षांची मनू फ्रॉक खाली ओढत होती आणि ते बोलतच होते, इंग्रजीत, बिघडलेल्या पंख्याबद्दल बोलावं तसं.

"थांब गं बाळा, झालंच," मी म्हटलं. ते ऐकून डॉक्टर वळले. नोकरीसाठी पुण्याकडून बनारसला आलेले.

"अरे वा, मराठी? तुम्ही कुठल्या?"

"बालाजी घाटाच्या गल्लीतली."

"कोणाकडच्या?"

मी सांगितलं. माझी आई दूधविनायक मोहल्ल्यात मराठी लोकांच्या घरी भांडी घासते. लपवायचं काय त्यात?

"अस्सं," ते म्हणाले. "मग तू जरा बाजूला उभी राहा."

मी बाजूला झाले. आजही त्याचा राग येतो. त्यांचा नाही, मी बाजूला झाले त्याचा.

मनूच्या आतड्याला पीळ पडला होता. पोट उघडलं तेव्हा बहुतेक आतडं काळं पडलेलं. कापून काढावं लागलं. उरलं ते वीत-दीड वीत. खाल्लेलं अंगी लागायला तेवढं पुरत नाही. म्हणून छातीतल्या नळीतून, थेट रक्तात, पोषण द्यायचं. रोज. किती वर्षं, ते कोणी सांगत नाही. त्या नळीतून जंतू गेला तर तो सरळ हृदयाशी जातो. वॉर्डात दोनदा तसा ताप आला. दुसऱ्या वेळी मनू हातची गेलीच होती. सिस्टर म्हणाल्या, हिला आता घरी न्या, इथे राहिली तर तिसरा ताप येणार. पण घरी पाठवायचं तर आईला नळी सांभाळता येते असं मोठ्या डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं.

त्या दुपारी ज्युनिअर डॉक्टर फाइल खाटेवर विसरून गेला. मी उघडली. सकाळच्या राउंडची नोंद इंग्रजीत होती. आई निरक्षर, घरी जमणार नाही.

मी बी.ए. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. कोणी विचारलंच नव्हतं. आईचं काम ऐकलं आणि माझं शिक्षण लिहून मोकळे.

शेजारच्या खाटेवर शकीलाचा मुलगा. विणकराच्या घरची बाई. त्यालाही तशीच नळी. मी तिच्यापाशी रागराग केला. म्हटलं, मला अनपढ लिहिलंय, मला! उद्या डिग्रीच आणून दाखवते.

तिने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "हम तो सचमुच अनपढ़ हैं, बहिन. तो हमरा लड़का घर नहीं जाएगा?"



सिस्टर आम्हा दोघींना नळीचं काम एकत्रच शिकवत होत्या. हात धुवायचे, मास्क लावायचा, टोपण स्पिरिटने घासायचं, वाळू द्यायचं, मगच उघडायचं. मी वहीत उतरवून घेतलं होतं. शकीलाने बोटांच्या पेरांवर बसवलं होतं. माझे हात थरथरायचे. तिचे नाही. तुटलेला रेशमी धागा जोडणारे हात ते. मनगट खाटेच्या कडेला टेकव, हे मला तिनेच शिकवलं. आणि मी तिच्यासमोर बी.ए. मिरवत होते. माझ्या नावापुढची ओळ खोडली गेली असती, की तिच्या नावापुढची तशीच राहिलेली मला चालली असती. मोठ्या डॉक्टरांत आणि माझ्यात मग फरक तो काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी डिग्री नेली नाही.

राउंड आला. डॉक्टर शकीलाच्या मुलाचं पोट दाबून मनूकडे वळले आणि तोच हात नळीच्या टोपणाकडे गेला. मी त्यांचं मनगट धरलं.

"आधी हात धुवा, सर."

कोणीतरी विद्यार्थी खुदकन हसला आणि लगेच खोकला.

"तू मला शिकवणार?"

"हो. आणि मग आमची दोघींची परीक्षा घ्या. तुमच्यासमोर. आत्ता."

सिस्टरांनी बेसिनचा नळ सोडला. डॉक्टरांनी हात धुतले. परीक्षा त्यांनी घेतली ती मला तोंडावर पाडायला, हे मला कळत होतं. घेऊ देत.

आधी शकीला. एक चूक नाही. मग मी. स्पिरिट वाळायच्या आत टोपणाला हात घातला. सिस्टर म्हणाल्या, पुन्हा. सगळ्यांसमोर मी पहिल्यापासून पुन्हा केलं. कान तापले होते, पण केलं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे निघून गेले. शाबास नाही, माफी नाही. मी मागितलीही नव्हती.

थोड्या वेळाने त्यांच्याच सांगण्यावरून ज्युनिअर ओळ खोडायला आला. निरक्षर खोडून पदवीधर लिहू लागला. मी त्याचं पेन धरलं. म्हटलं, माझं शिक्षण राहू दे भैया. नळीचं काम येतं, एवढं लिही. तेच शकीलाच्या फाइलीतही लिही. आम्ही दोघी समोर उभ्या राहिलो, त्याने लिहीपर्यंत.

मनू घरी आहे. बरी नाही, घरी आहे. उरलेलं आतडं काम शिकेल किंवा नाही शिकणार. ताप कधीही येऊ शकतो. मी स्वतःशी खोटं बोलत नाही.

काल सिस्टरांचा फोन आला. वॉर्डात चंदौलीकडची एक बाई आहे, तीन महिन्यांचं बाळ, तशीच नळी. तिला सांगून टाकलंय, तुझ्याने होणार नाही. ती ऐकून गप्प बसली आहे.

उद्या राउंडच्या वेळी मी आणि शकीला तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या असू. आम्हाला कोणी बोलावलेलं नाही. बाजूला व्हा म्हणतील. होणार नाही.