येलवालचा पंखाताड

येलवालच्या माझ्या नर्सरीत दर रविवारी एक बाई स्कूटरवरून यायच्या. विकत काहीच घ्यायच्या नाहीत. पार्किंगसाठी मी तोडायला काढलेल्या बुटक्या पंखाताडाच्या पानांवरून नुसती बोटं फिरवायच्या.

"साधा चिनी आहे तो, अम्मा, तोडणार आहे," मी म्हणालो.

"कोवळं पान उलगडू दे. तोवर स्वल्प थांब की रे."

मी कुरकुरत थांबलो. पान उलगडलं तेव्हा त्यांनी देठाच्या बुडाशी भिंग धरलं. चिनी ताडाला तिथं लांब चिंध्या लोंबतात. इथं आखूड, तिकोनी टोक होतं.

"आपला आहे! आपल्या हिमालयातला!" साठीच्या बाईंनी चक्क उडी मारली.

पार्किंग मी पलीकडं हलवलं. नाव विचारायच्या आत त्या निघाल्या, हुणसूर रस्त्यावर मोकळ्या वाटेतही हॉर्न वाजवत.