न वाचलेलं नाव

कॉलेजच्या रोजगार मेळाव्यात प्राचार्यांनी पोरांना फसवलं, आणि त्यांना साथ दिली मी. तुमसरला माझी राईस मिल आहे, हमाली करत उभी केलेली. जागा एकही नव्हती. "नुसते बसा शेटजी, अर्ज घेऊन ठेवा. टेबलं भरलेली दिसली पाहिजेत," असं प्राचार्य म्हणाले होते.

पोरं यायची, "सर, सर" करत अर्ज ठेवून जायची. एक मुलगी मात्र खुर्चीवर बसलीच नाही. तिने अर्ज ठेवला, माझ्या नमुन्याच्या वाटीतला तांदूळ तळहातावर पसरला आणि एक दाणा दाढेखाली फोडला.

"धान लय सुकवला जी, म्हणून इतकी कणी पडली."

खरं होतं. माझ्या मुकादमाला ते कधी कळलं नव्हतं. मी सवयीने तिची परीक्षा घेतली.

"मशीनच्या धुळीत दिवसभर उभी राहशीन?"

"घरी काय गादीवर बसून राहिली का मी?"

मला हसू आलं. "कळवतो," म्हणालो.

ती हलेना. "सगळेच कळवतो म्हणून राहिले जी. जागा नसन तर आत्ताच सांगा."

"कळवतो म्हटलं ना," मी खेकसलो. तिने तांदूळ परत वाटीत टाकला, हात झटकले आणि नाकाडोंगरीच्या बसकडे गेली.

संध्याकाळी अर्जांचा गठ्ठा प्राचार्यांकडे देऊन मी घरी आलो. आठवड्याने मी तिच्यासाठी जागा काढली आणि कॉलेजात गेलो. अर्ज रद्दीत गेले होते. तिचं नाव मी वाचलंही नव्हतं, ही चूक माझी. पण अर्ज प्राचार्यांच्या ताब्यात होते. त्यांनी मला कॉलेजच्या रजिस्टरातून ते नाव शोधून द्यावं.