नर्सबाईंची एकच रेकॉर्ड

माझ्या मामाला दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक त्याचा कान आणि दुसरा बेल्टवाला टर्नटेबल. चाळीस वर्षं त्याने रेकॉर्डची यंत्रं दुरुस्त केली, आणि गिऱ्हाइकाने दुकानात पाऊल टाकलं की त्याची एकच टकळी सुरू व्हायची. "बेल्टवाल्यात मोटर बाजूला असते, थाळी रबरी पट्ट्याने फिरते. मोटरची थरथर पट्ट्यातच जिरते, सुईपर्यंत पोचत नाही. डायरेक्टमध्ये मोटर थेट थाळीच्या पोटात. नाचायच्या क्लबात ठीक आहे, पण घरात निवांत ऐकायचं तर बेल्टच." गिऱ्हाइकं मी सांभाळायची, त्यामुळे हे सगळं मला झोपेतही म्हणता आलं असतं.

एकदा नर्सबाई आल्या. निवृत्त, एकट्या, सांधेदुखीने बोटं पार वाकडी झालेली. "पट्टा तुटलाय आणि नवा चढवायला बोटं वळत नाहीत," म्हणाल्या. "काय घेऊ?" मामाने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "डायरेक्ट घ्या. पट्टाच नाही, तर तुटणार काय?" मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घराण्याचं नाक कापलं. पण त्या बोटांपुढे त्याचंही काही चालेना.

यंत्र बसवायला आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. मामा तारा जोडत होता, तेवढ्यात त्यांनी मला सांगितलं की घरात रेकॉर्ड एकच आहे. त्यांची मुलगी नऊ वर्षांची असताना सुट्टीच्या दिवशी त्यांनी तिला स्टुडिओत नेलं आणि तिचं गाणं रेकॉर्ड करून घेतलं. दोन महिन्यांनी रक्ताच्या आजाराने ती गेली. तोवर घरात यंत्र नव्हतं. नंतर मामाकडून त्यांनी एक जुनं यंत्र घेतलं आणि गाणं पहिल्यांदा ऐकलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती.

"किती थकलेला आवाज होता तिचा," त्या म्हणाल्या. "शब्द नुसते ओढत होती. दुखणं तेव्हाच लागलं होतं गं. रोज लोकांच्या नाड्या बघणारी मी, आणि पोटच्या पोरीला तशीच उभी करून गायला लावलं."

त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचं मला धाडस झालं नाही.

मामाने सुई टेकवली. आवाज आला तो खणखणीत, घाईघाईचा, आणि शेवटच्या ओळीला पोरगी खुदकन हसली. नर्सबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"ही माझी मुलगी नाही. बंद करा."

मामाने नव्या यंत्राच्या थाळीच्या कडेचे ठिपके पाहिले. वेग चुकला की हे ठिपके सरकताना दिसतात. ते जागच्या जागी होते. मग त्याने जुनं यंत्र जवळ ओढलं, थाळी उचलली आणि मोटरवरची, पट्टा फिरवणारी पुली बोटाने चाचपली. त्याचा चेहरा उतरला तेव्हाच मला कळलं. ही पुली दुसऱ्या देशातल्या विजेवर चालणाऱ्या यंत्राची होती. आपल्याकडच्या विजेवर ती थाळी सावकाश फिरवते. असा सुटा भाग बसवला की ठिपक्यांच्या चकतीवर वेग तपासायचा, हे दुकानातलं पहिलं काम. नर्सबाईंना यंत्र विकलं त्या दिवशी मामाने चकती हातातच घेतली नव्हती. आपला कान आहे ना!

तुटण्याआधी पट्टा सैल झाला होता, एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं. मी त्याला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा, आणि त्याची मला आजही लाज वाटते. मामा मात्र तिथेच फरशीवर बसला.

"बाई, ही चुकीची पुली मी बसवली. तपासलं नाही. एकोणीस वर्षं तुम्ही गाणं हळू ऐकताय. दुखण्यातलं मला कळत नाही. पण हा तुमच्या मुलीचा खरा आवाज आहे. पोर थकली नव्हती, तिला थकवलं ते मी."

नर्सबाई पुढे झाल्या आणि वाकड्या बोटांनी सुई स्वतः उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. मला मदतीला हात पुढे करू दिला नाही. गाणं झालं. ते हसू आलं.

"उड्या मारत होती," त्या म्हणाल्या. "स्टुडिओतून बाहेर पडताना पायऱ्यांवर उड्या मारत होती. मला आठवत होतं ते. पण मला वाटायचं, मनाची समजूत घालायला मीच रचलंय."

मामा "माफ करा" म्हणायला लागला. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"तुमच्यावर मला चिडायचंय. खूप चिडायचंय. पण आज नाही. आज जा तुम्ही, मला तिच्याजवळ बसू द्या."