इतिहास घेऊन पुढे काय

बारावीचा निकाल लागला की रक्षा थूलची झोप उडायची. तिची स्वतःची बारावी होऊन जमाना झाला होता, पण निकाल लागला रे लागला की कॉलेजातली सगळी प्राध्यापकमंडळी जीपमध्ये बसून गावोगाव निघत, पोरं गोळा करायला. याला प्रवेश मोहीम म्हणायचं. पूर्वी पोरं कॉलेज शोधत यायची; आता कॉलेजं पोरं शोधत हिंडतात, आणि त्याची कोणाला लाजही वाटत नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रक्षा तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायची. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढाच पैसा, सुट्टीत ठणठणगोपाळ, आणि पुढच्या वर्षी बोलावणं येईल की नाही ते देव जाणे. एम.ए. झालं, प्राध्यापकीची सेट परीक्षा झाली, पीएच.डी. झाली. नावामागे डॉक्टर लागलं, तेव्हा बघायला आलेल्या एका मुलाच्या आईने दवाखाना कुठे आहे म्हणून विचारलं. स्थळ तिथेच संपलं.

यंदा तर नवीन धोरण. पहिल्याच वर्षी पोरांनी मुख्य विषय निवडायचा. पुरेशा पोरांनी इतिहास निवडला नाही, तर वर्ग बंद आणि रक्षाच्या तासिकाही बंद. विभागप्रमुख प्रभाकररावांना त्याची झळ नव्हती. ते कायम होते आणि निवृत्तीला टेकले होते. पण मोहिमेत पुढे तेच. "टीसी हातात आली की पोरगं आपलं," असं ते दरवर्षी सांगत. शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि गुणपत्रिका एकदा कॉलेजच्या कपाटात गेली की पोरगं दुसरीकडे जाईल कसं?

आष्टीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात लखन उईकेच्या अंगणात जीप थांबली. लखन वनखात्यात रोजंदारीवर. त्याची मुलगी दामिनी कला शाखेत तालुक्यात वरच्या नंबराने पास झालेली.

"इतिहास घेऊन पोट्टी पुढं करन काय?" लखनने रोखठोक विचारलं.

"अहो, कलेक्टर होते!" प्रभाकरराव म्हणाले. "आणि रोज यायची गरज नाही बरं का. परीक्षेले आली तरी चालते. घरची कामंही होतात आन् डिग्रीही."

लखनचा चेहरा खुलला. दामिनीचा मात्र पडला. "रोज कोणी यायचंच नाई, तं तुमी शिकवता कोणाले, मॅडम?" तिने थेट रक्षाला विचारलं.

"चूप बस," तिची आई रुपा म्हणाली. "मोठ्या मानसायसंग असं बोलते का?"

रक्षा हसली. त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. प्रभाकररावांनी लखनकडून टीसी आणि गुणपत्रिका घेऊन तिच्या पर्समध्ये सरकवली, आणि जीप निघाली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दामिनीचा फोन आला. जीपमधून वाटलेल्या जाहिरातीच्या कागदावर रक्षाचा नंबर होता. "मॅडम, तीन वर्षांत काय काय करा लागते ते सांगा ना. मी लिहून घेते."

आजवर एकाही विद्यार्थ्याने असं विचारलं नव्हतं. रक्षाला चेव आला. पहिल्या वर्षी इंग्रजी नीट करायचं, कॉम्प्युटर शिकायचा. सोबत राज्यशास्त्र घ्यायचं. दुसऱ्या वर्षी मोडी लिपी. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी बसायचं नाही, एखाद्या संग्रहालयात नाहीतर जुन्या कागदपत्रांच्या कार्यालयात शिकायला जायचं. तिसऱ्या वर्षी ठरवायचं : वकिलीची प्रवेश परीक्षा, अभिलेखागारातल्या जागा, की बी.एड.

"हे सगळं तुमच्या कॉलेजात हाय?"

रक्षाची गाडी अडली. "नाही."

"मंग कुठं हाय?"

"नागपूरला. आदिवासी मुलींचं सरकारी वसतिगृहही आहे तिथे."

"टीसी तं तुमच्याकडं हाय, मॅडम," दामिनी म्हणाली.

सोमवारी सकाळी रक्षाने कॉलेजऐवजी आष्टीची एसटी धरली. वाटेत प्रभाकररावांचा फोन. "मॅडम, ती टीसी ऑफिसात जमा केली का?" "करते सर," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

लखन तिला एकटीला बघून चपापला. ती काय म्हणते ते ऐकल्यावर तर भडकलाच. "परवा म्हणे रोज यायचं काम नाई. आज म्हन्ता नागपूरले ठिवा. तुमच्या इतिहासात असंच अस्ते का, दोन दिवसांत पलटते?"

"परवा आम्ही खोटं बोललो."

"बोलले तं ते सर," रुपा म्हणाली.

"मी गप्प बसले होते. मग निराळं काय झालं?"

लखनने बिडी विझवली. "बरं, तुमी तं सगळ्या परीक्षा दिल्या म्हन्ता. तुमची नोकरी पक्की हाय?"

आता इथे एखादी शहाणी बाई काहीतरी जुळवून बोलली असती. रक्षा म्हणाली, "नाही."

"झालं!" लखनने मांडीवर थाप मारली. "पोट्टीले नर्सिंगले टाकतो. माह्या साळ्याची काजल नर्सिंग करून लागली बी वर्ध्याले."

दामिनी दातओठ खात म्हणाली, "थोडं खोटं बोलता नाई आलं का तुमाले?"

पोरीचं काय चुकलं? तिला आष्टीच्या बेचाळीसच्या चले जाव मोर्चावर दर ऑगस्टमध्ये भाषण करावं लागे, आणि जंगलातल्या आपल्या गावाचं तेव्हा काय चाललं होतं हे विचारलं की शाळेत कोणाला सांगता येत नसे. तिला तेच शिकायचं होतं. आणि रक्षाच्या एका शब्दाने ते हातचं चाललं होतं.

"माझी नोकरी पक्की नाही, त्याला कारण आहे भाऊ," रक्षा म्हणाली. "मी प्राध्यापक व्हायचं एवढंच धरून बसले. भरती थांबली, मी तिथेच थांबले. दुसरं काही शिकले नाही. हिने तसं करू नये म्हणून तर सांगायला आले. तुमच्या गावाने जंगलावर लावलेला वनहक्काचा दावा मंजूर झाला का?"

"वापस आला. जुना पुरावा पाह्यजे म्हणे."

"तो कागद इंग्रजांच्या काळच्या दप्तरात कुठेतरी असू शकतो. शोधायला, वाचायला इतिहास शिकलेलं माणूस लागतं. त्याला वकिलीची जोड असली तर आणखी चांगलं."

"अन् त्याले पगार कोन देते?"

"वकील देतात, संस्था देतात. सरकारी जागाही निघतात, पण थोड्या. नर्सिंगइतकं पक्कं नाही, हेही सांगते. उद्या मला बोल लावू नका."

लखन रुपाकडे वळला आणि दोघं गोंडीत बोलायला लागली. आधी हळू, मग भांडल्यासारखी. रुपाने दोनदा जंगलाकडे हात केला. रक्षाला एक अक्षर कळत नव्हतं. तिने दामिनीकडे पाहिलं, तर ती मान खाली घालून ऐकत होती. अर्थ काही सांगेना.

शेवटी लखन मराठीत आला. "एक साल. एक साल पाह्यतो. नाई जमलं तं नर्सिंग, मंग रडाचं नाई."

दामिनी घरात पळाली. लखनने रक्षाच्या हातून टीसी आणि गुणपत्रिका घेतली, उजेडात धरून मुलीचं नाव वाचलं आणि खिशात नीट घडी करून ठेवली. तोंडावर आनंद वगैरे काही नव्हता. मुलीला धाडायचं तर धाडायचं, पण ते छातीवर दगड ठेवूनच.

तो रक्षाला फाट्यापर्यंत सोडायला आला. "मंग तुमचा वर्ग?"

"भरणार नाही बहुतेक."

"आता तुमी काय करान?"

दुसऱ्याच्या पोरीची तीन वर्षं रक्षाने फोनवर एका दमात मांडली होती. स्वतःचा येता जुलै कसा जायचा, हे मात्र तिला सांगता येईना. तेवढ्यात एसटी आली. ड्रायव्हर थांबेना, तेव्हा लखन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. "काऊन थांबत नाई बे!" असं ओरडून त्याने गाडी थांबवली.

ती बसते न बसते तोच फोन वाजला.

"मॅडम, टीसी?"

"परत दिली, सर."

प्रभाकरराव थंडपणे म्हणाले, "ठीक आहे. आता तुमच्या तासिकांचं तुम्हीच बघा. मी प्राचार्यांकडे शब्द टाकणार नाही."

"नका टाकू," रक्षा म्हणाली. तिने फोन बंद केला. कंडक्टर तिकिटाला आला, तेव्हा तिने पर्समधले पैसे आधी मोजून पाहिले आणि मग त्यातले तिकिटापुरते सुट्टे काढून दिले.